चार जीबीचा उंबरा: हार्ड डिस्कच्या इमेज बॅकअपचे नऊ महिने

मिरजेत माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. दुकानातल्या मुख्य मशीनवर पानं मांडायचा पेजमेकर, मराठी टायपिंगची श्रीलिपी आणि पंधरा वर्षांत गोळा झालेले फॉन्ट असं जुनं बिऱ्हाड आहे. यातल्या निम्म्या गोष्टींच्या सीडी आता सापडत नाहीत. म्हणजे नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही, अख्ख्या डिस्कचीच इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवायला हवी. गेले नऊ महिने ते करतोय.

डिस्क २५६ जीबीची एसएसडी, त्यातली वापरात जेमतेम ९६ जीबी. बॅकअपला घरातली २ टीबीची एक्स्टर्नल ड्राइव्ह घेतली. मशीन लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर चालू केलं, डिस्क जशीच्या तशी उतरवणारी डीडी कमांड सोडली आणि चहाला गेलो. परत येतो तर काम थांबलेलं, पडद्यावर ‘फाइल टू लार्ज’. ड्राइव्हवर दीड टीबीपेक्षा जास्त जागा रिकामी, आणि फाइल चार जीबीच्या उंबऱ्याशी अडकलेली.

ड्राइव्ह फॅट३२ होती, म्हणजे तिच्यावर फायली मांडायची पद्धत ती होती. घरच्या जुन्या टीव्हीला दुसरं काही वाचता येत नाही, म्हणून मीच कधीतरी तशी करून घेतली होती. फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना असतो. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याच्यापुढे एक बाइटसुद्धा लिहिता येत नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामी असो. ही पद्धत १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तेव्हा घरगुती कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असायची, चार जीबीची एकच फाइल कोण कशाला करेल?

मग तुकडे करायचं ठरवलं. डीडीचा माल जीझिप या प्रोग्रॅममधून दाबून लहान करून घ्यायचा आणि स्प्लिट कमांडने कापायचा. मर्यादा चार जीबीची, म्हणून मी तुकड्याचा आकार ‘४जी’ दिला. पहिल्याच तुकड्याला पुन्हा तीच एरर. अर्धा तास डोकं खाजवल्यावर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. स्प्लिटच्या हिशेबात ४जी म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट. एका बाइटने जास्त! ‘४०००एम’ दिल्यावर गाडी सुरळीत चालली. हे वाचून कुणाचा तो अर्धा तास वाचला तरी पुष्कळ.

एकूण २७ तुकडे झाले. स्प्लिट त्यांना एए, एबी, एसी अशी शेपटं लावतो, त्यामुळे नुसत्या कॅट कमांडने ते ओळीने जोडता येतात. पहिले दोन-तीन महिने असेच बॅकअप घेतले आणि निर्धास्त राहिलो.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. त्याला टीव्हीवर सिनेमे बघायचे होते, ड्राइव्ह त्याच्या हाती लागली. पुढच्या बॅकअपच्या वेळी बघतो तर जुन्या संचातला एक्यू गायब. विचारलं तर म्हणाला, “मामा, ती फाइल कशातच उघडत नव्हती, खराब वाटली म्हणून काढली.” बाकीच्या २६ वर मेहेरबानी का केली, हे त्यालाही सांगता आलं नाही. सगळा माल एका धारेत दाबलेला असल्यामुळे एक्यूच्या पुढचे दहा तुकडे कुचकामी झाले. न दाबता कच्चे तुकडे ठेवले असते तर निदान उरलेल्या भागांतून काही उकरता आलं असतं. तेव्हापासून प्रत्येक संचाबरोबर शा२५६ ची यादी (फाइल जराही बदलली की बदलणारे ठसे) ठेवतो आणि महिन्यातून एकदा ताडून बघतो.

त्यानंतर डीडी सोडून क्लोनझिला या डिस्कची इमेज काढणाऱ्या प्रोग्रॅमवर आलो, आणि हे आधीच करायला हवं होतं. डीडी रिकामी जागाही इमानेइतबारे उचलतो, क्लोनझिला पार्टिशन (डिस्कचे कप्पे) ओळखून फक्त वापरातले भाग घेतो. तीच डिस्क दाबून ५८ जीबीत बसली. एक्स्पर्ट मोडमध्ये तुकड्याचा आकारही तो विचारतो, शून्य दिलं की तुकडेच करत नाही.

टीव्हीचा लोभ सोडून बॅकअपसाठी वेगळी ड्राइव्ह घेतली, एक्सफॅट (चार जीबीचं बंधन नसलेली पद्धत) केली आणि शून्य दिलं. ५८ जीबीची सलग फाइल बघून बरं वाटलं. दुसऱ्या प्रतीसाठी ती आणखी एका ड्राइव्हवर कॉपी करताना शेवटच्या टप्प्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. अर्धवट फाइल काढून टाकून कॉपी पहिल्यापासून. तुकडे असते तर बहुतेक आधीच पोचले असते, यादीशी ताडून राहिलेले तेवढे पाठवले असते. शिवाय एक्सफॅटला विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीसारखं जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं, लिहिता लिहिता वीज गेली की सावरायला तिच्याकडे नोंद नसते. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाआड लाईट जाते, तिथे ही ड्राइव्ह मला परवडणारी नाही.

आता दोन्ही ड्राइव्ह एनटीएफएस आहेत. फाइलच्या आकाराचं बंधन माझ्यापुरतं संपलंय, तरी क्लोनझिलाला मी आकडा देतोच: ४०००. जो उंबरा अडवत होता तोच आता सोयीचा वाटतो. मॅकवाल्यांनी मात्र हे करू नये, मॅक एनटीएफएस वाचतो, पण आपल्या आपण तिच्यावर लिहीत नाही.

जुनी ड्राइव्ह फॅट३२ असेल आणि आतला माल तसाच ठेवून बदलायची असेल, तर विंडोजची कन्व्हर्ट कमांड ती एनटीएफएस करून देते. मात्र उलटं फिरायचं तर पुसूनच.

खरी परीक्षा गेल्या महिन्यात झाली, ऐन लग्नसराईत. सकाळी मशीन चालू केलं तर एसएसडी दिसेचना. कपाटात २४० जीबीची नवी एसएसडी होती. इमेज ५८ जीबीची, आतला माल ९६ जीबीचा, त्यामुळे सहज बसेल असं गृहीत धरलं. क्लोनझिलाने नकार दिला. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही, आतला माल कितीही थोडा असो. सांगलीला जाऊन ५०० जीबीची आणली. रिस्टोर तासाभराच्या आत झालं. पेजमेकर उघडला, फॉन्ट जागच्या जागी. पत्रिकेचं प्रूफ संध्याकाळी सहाला दिलं. मुलीचे वडील म्हणाले, “सकाळी देणार होतात ना?”