चाळीस पीसींची लॅब, एक इमेज: मल्टिकास्ट की बिटटॉरेंट?

इमेज म्हणजे तयार पीसीच्या डिस्कची प्रत. ती क्लोनझिला लाइट सर्व्हरवरून (नेटवर्कवरून अनेक पीसींवर एकदम इमेज उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) अख्ख्या लॅबमध्ये भरायची असेल तर युनिकास्टचा, म्हणजे प्रत्येक पीसीला वेगळी प्रत पाठवण्याचा, विचार सोडूनच द्या. गिगाबिट लिंकवर सेकंदाला साधारण ११० एमबी हाती लागतात. ते ४० पीसींत वाटले की ४० जीबीच्या कॉम्प्रेस्ड इमेजला चार तास. खरी निवड मल्टिकास्ट आणि बिटटॉरेंट यांच्यातच.

कागदावर मल्टिकास्ट सरस. सर्व्हर एकदाच पाठवतो, प्रती स्विच काढतो. डिस्क तेवढ्या वेगाने लिहीत असतील तर सहा-सात मिनिटांत काम. फक्त स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट मागणाऱ्या पोर्टनाच ते देण्याची सोय) चालू असेल तर त्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या त्याच विभागात, क्वेरिअरही हवा; ग्रुपमध्ये कोण आहे हे तो ठरावीक वेळाने विचारत राहतो. तो नसला तर बरेच स्विच साधारण २६० सेकंदांनी ग्रुप विसरतात आणि सुरळीत चाललेलं क्लोनिंग सगळीकडे एकदम थांबतं. अनमॅनेज्ड (सेटिंगच नसलेल्या) स्विचवर ही भानगड नाही, पण तिथे प्रत्येक पोर्टवर पूर येतो; वायफायचा ॲक्सेस पॉइंट असेल तर आधी काढून ठेवा.

हे एकदा बसवलं की बसतं. डोक्याला ताप होतो तो मागे पडणाऱ्या मशीनचा. यूडीपीकास्ट (क्लोनझिलाचं मल्टिकास्ट चालवणारा प्रोग्रॅम) सगळ्यांकडून पोच घेत पुढे सरकतं, त्यामुळे वेग ठरवतो सर्वांत मंद पीसी. पॅच कॉर्डच्या प्लगमध्ये निळी किंवा तपकिरी जोडी सैल असली की पोर्ट १०० एमबीपीएसवर उतरतं. ब्राउझिंगला फरक कळत नाही, म्हणून कुणी तक्रारही केलेली नसते. क्लोनिंगला मात्र सेकंदाला ११ एमबी, तेही चाळीसच्या चाळीस जणांना. सहा मिनिटांचं काम तासावर जातं. बंद पडलेलं मशीन काही प्रयत्नांनंतर वगळलं जातं. हे मंद मशीन जिवंत असतं, पोच देत राहतं, म्हणून वगळलंही जात नाही. शेवटच्या घटका मोजणाऱ्या हार्ड डिस्कचंही तेच.

बिटटॉरेंटमध्ये तो पीसी एकटाच रखडतो. बाकीचे ३९ एकमेकांकडून तुकडे घेऊन मोकळे होतात. मात्र इमेज आधी उलगडून तुकडे करावे लागतात, सर्व्हरवर तेवढी जागा लागते, आणि इमेज बदलली की हे सगळं पुन्हा. दोन स्विचमध्ये एकच गिगाबिट अपलिंक असेल तर तिथे कोंडीही होते.

नव्या, एकसारख्या एसएसडीच्या लॅबमध्ये मॅनेज्ड स्विच असेल तर मल्टिकास्ट सोडू नये. जुन्या-नव्यांची खिचडी असेल तर माझा कौल, फार आग्रह न धरता, बिटटॉरेंटला. तरी मल्टिकास्टच घ्यायचं ठरलं तर स्विचवर १०० वर बसलेली पोर्टं आधी हुडका, ते पीसी वेगळ्या फेरीत घ्या, आणि सुरू होण्याआधी पीसींसाठी थांबण्याच्या पर्यायांत पीसींच्या संख्येबरोबर वेळेचीही मर्यादा द्या, म्हणजे न उठलेल्या एका पीसीपायी बाकीचे ताटकळणार नाहीत.