एफएमवरची दुकानाची जाहिरात: पैसे सेकंदांचे, कस मजकुराचा

एफएम स्टेशनचं पॅकेज समोर आलं की सगळ्यात ठळक आकडा असतो एकूण स्पॉटचा, म्हणजे जाहिरात किती वेळा वाजणार त्याचा. तो बाजूला ठेवा. दर १० सेकंदांवर ठरतो. २० सेकंदांचा स्पॉट, दिवसाला ८, असे १० दिवस म्हणजे १,६०० सेकंद, १६० एककं. समजा दर २०० रुपये पडला, तर ३२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ३७,७६०. घासाघीस दरावर होते, मार बसतो वेळेवर. रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरात वाजवायच्या लेखी ऑर्डरवर, नुसतं ‘सकाळी ७ ते रात्री ११’ लिहिलेलं असेल, तर तुमचे स्पॉट दुपारच्या पडीक वेळेत जायला मोकळे. ८ पैकी ५ तरी सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ मध्ये हवेत, हे रिलीज ऑर्डरवरच लिहून घ्या. बिलाबरोबर लॉगशीट, म्हणजे कुठला स्पॉट कधी वाजला त्याची नोंद, मागा आणि शेजारच्या स्पर्धकाची जाहिरात आपल्याला लागून वाजणार नाही, हेही कबूल करून घ्या.

तरी जास्त पैसे वाया जातात ते मजकुरात. २० सेकंदांत आरामात चाळीसेक शब्द बसतात, संगीताला जागा सोडली तर पस्तीस. मालकाला त्यात साड्या, शेरवानी, लहान मुलांचे कपडे, तिन्ही शाखा आणि दोन फोन नंबर हवे असतात. मग निवेदक म्युच्युअल फंडाच्या सूचनेसारखा पळत सुटतो. दुचाकीवरचा माणूस दहा आकडे कशावर लिहून घेणार? दुकानाचं नाव तीनदा, एक ऑफर, शेवटची तारीख आणि ‘दत्त मंदिरासमोर’सारखी एक खूण, बस्स.

जिंगल परवानगीशिवाय सिनेमाच्या चालीवर बेतू नका, तो सरळ कॉपीराइटचा भंग आहे. स्वतःची चाल करून घ्या, हक्क लेखी घ्या आणि मूळ फाइल आपल्याकडे ठेवा. नाहीतर दुसऱ्या स्टेशनवर जाताना पुन्हा निर्मितीखर्च.

फर्निचर, लग्नाचा बस्ता, सराफी, क्लासचे प्रवेश यांना ही सेवा फळते, कारण त्यासाठी गिऱ्हाईक शहराच्या दुसऱ्या टोकाहूनही येतं. किराणा किंवा पोळीभाजी केंद्रानं पुण्याच्या एफएमवर जाणं म्हणजे हडपसरच्या दुकानासाठी निगडीला ओरडणं. तालुक्याच्या गावी सामुदायिक रेडिओ बरा: म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं केंद्र पंचक्रोशीपुरतंच ऐकू येतं, आणि २०२४ पासून अशा केंद्रांना तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात.

परिणाम मोजायला ‘कुठून कळलं?’ विचारून भागत नाही. रेडिओ ऐकून आलेलाही ‘बोर्ड बघितला’ म्हणतो. स्पॉटमध्येच ‘काउंटरवर रेडिओ म्हणा, फॉल-बिडिंग मोफत’ असं टाका आणि गल्ल्याशेजारी वही ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत वही कोरीच राहिली, तर उरलेले स्पॉट थांबवून मजकूर बदला. ती सोय करारात आधीच लिहून घेतलेली हवी.