नेटगेन हायपर ९ मोटर: जुन्या हलक्या स्पोर्ट्स कारला चांगली, पण केबलच्या कामात हयगय नको

एमजीबी किंवा पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे हजार किलोच्या आसपासची गाडी घरच्या गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक करायची असेल, तर ही मोटर आम्ही बिनदिक्कत सुचवू. कमाल ताकद सुमारे १२० अश्वशक्ती, टॉर्क (फिरवण्याचा जोर) २३५ न्यूटन-मीटर, फेरे मिनिटाला ८,००० पर्यंत. मोटरला किती वीज जायची ते ठरवणारा, याच मोटरसाठी प्रोग्रॅम केलेला कंट्रोलर सोबत मिळतो. भंगारातल्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर आणून तिच्या इलेक्ट्रॉनिक्सशी झटापट करण्यात जे महिने जातात, ते इथे वाचतात.

पूर्ण टॉर्क साधारण साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंतच टिकतो, म्हणून मूळ गिअरबॉक्स राहू द्या. मात्र १.६ लिटरच्या एमएक्स-५चा गिअरबॉक्स १३६-१३७ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला जोडलेला होता. पहिल्या गिअरमध्ये एकदम पूर्ण टॉर्क दिला तर गिअरच्या दातांवर जबर ताण येतो. कंट्रोलरमध्ये टॉर्क हळूहळू चढेल असं सेटिंग करा आणि दुसऱ्या गिअरमध्येच निघा.

क्लच ठेवणार असाल तर इंजिन विकण्याआधी एक माप घ्या: इंजिनाच्या मागच्या पृष्ठभागापासून फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकावरच्या जड चकतीच्या) क्लच बसतो त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. अ‍ॅडाप्टर प्लेट (मोटर गिअरबॉक्सला जोडणारी) आणि कपलर (फ्लायव्हील मोटरच्या शाफ्टला जोडणारा) मिळून हेच अंतर परत आलं पाहिजे. ते चुकलं तर क्लच सुटत नाही, किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक आत टेकतं. फ्लायव्हील बसवल्यावर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावून हाताने फिरवा. काटा ०.१ मिमीपेक्षा जास्त हलला तर पुढे जाऊ नका. वरच्या फेऱ्यांना थरथर सुरू होते आणि बेअरिंग जातं.

खरी कसोटी विजेच्या जोडणीत आहे. टेस्ला मॉडेल एसची ५ बॅटरी मॉड्यूल एकापुढे एक जोडली की ११४ व्होल्ट, पूर्ण चार्जला १२६, साठा साधारण २६ किलोवॉट-तास. व्होल्टेज कमी, म्हणून करंट प्रचंड: जोरात दाबलं की ७५० अँपिअर. एखाद्या सांध्यात ०.२ मिलिओहम रोध उरला तरी तिथे ११० वॉटहून जास्त उष्णता, म्हणजे सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त. ७० चौरस मिमी केबल घ्या, लग (केबलच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. नमुन्याचा एक लग हॅक्सॉने मधोमध कापून बघा: तारा एकजीव होऊन तांब्याचा भरीव तुकडा दिसला तर डाय (क्रिम्परचा दाबणारा साचा) बरोबर, तारांमध्ये फटी दिसल्या तर डाय मोठी आहे. फ्यूज डीसी रेटिंगचाच हवा. एसीचा फ्यूज डीसीची ठिणगी विझवू शकत नाही, कारण डीसीत करंट एसीसारखा पुन्हापुन्हा शून्यावर येतच नाही. एन्कोडरची (मोटर किती फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरची) केबल मोटरच्या जाड केबलींपासून लांब न्या, नाहीतर गाडी मधेच झटके देते.

उणिवाही आहेत. मोटर हवेने थंड होते, त्यामुळे ट्रॅकवर सलग पळवणाऱ्यांनी किंवा चढ्या घाटात रोज जाणाऱ्यांनी ती घेऊ नये. कमाल ताकद थोड्या सेकंदांचीच आहे. बहुतेक डीसी फास्ट चार्जरचा व्होल्टेज या पॅकच्या वर सुरू होतो, तेव्हा गाडीत बसवलेल्या ऑनबोर्ड चार्जरवरच भागवावं लागेल. आणि गाडीत सर्व्हो ब्रेक (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारे) असतील तर इंजिनाबरोबर व्हॅक्यूमही जातो. इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप बसवून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.