ब्रेडक्रम्ब्सचे कुरकुरीत मासे : पॅन की ओव्हन?

मैदा, अंडं, ब्रेडक्रम्ब्स हा क्रम आणि तुकड्या आधी टिपून कोरड्या करायच्या, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. अडतं ते पुढे. पॅनमध्ये थोड्या तेलात शॅलो फ्राय करायचे की ट्रेवर मांडून ओव्हनमध्ये सरकवायचे? कढईभर तेलात तळण्याचा पर्याय मी इथे घेतलेलाच नाही. चवीबद्दल तक्रार नाही, पण तळून उरलेल्या त्या तेलाला माशाचा असा वास लागतो की ते दुसऱ्या कशालाच चालत नाही.

मी दोन्ही प्रकार आलटून पालटून करत आलोय, आणि ओव्हनची बाजू लंगडी मुळीच नाही. सगळ्या तुकड्या एकदम तयार होतात, त्यामुळे घरातलं कुणी गॅसपाशी अडकत नाही. तेलाचे शिंतोडे नाहीत, वासही बेताचा. मासा इंचभर किंवा त्याहून जाड असेल तर ओव्हन सरळसरळ सरस, कारण इतकी जाड तुकडी पॅनमध्ये वरून करपायला येते तरी मध्यभागी कच्चीच असते.

घोडं अडतं ते पातळ तुकड्यांपाशी, आणि घरी बहुतेकदा पातळच असतात. मासा आतून 60-63 अंश सेल्सिअसला शिजून तयार होतो. वरचा चुरा नीट तांबूस व्हायला मात्र तो आधी वाळून साधारण 140 अंशांच्या पुढे जावा लागतो. पॅनमधलं 175-180 अंशांचं तेल चुऱ्याला थेट भिडतं, त्यातलं पाणी झटक्यात हाकलतं आणि दोन-तीन मिनिटांत एक बाजू रंगावर येते. हवेला ते तितक्या वेगाने जमत नाही. ओव्हन 220 अंशांवर असला तरी दहा-बारा मिनिटांत मासा शिजलेला आणि चुरा अजून फिकट, अशी गत होते. रंग यावा म्हणून थांबलात तर आत चोथा.

यावरचा उपाय सगळे सांगतात, आणि तो खराही आहे : ब्रेडक्रम्ब्स आधीच थोड्या तेलात परतून तांबूस करून घ्या, मग माशाला लावा. रंग सुंदर येतो. माझं मन उडालं ते नेमकं इथेच. चुरा परतायला पॅन काढायचा. तो सतत हलवत राहायचं, कारण बदामी रंगावरून काळ्यावर जायला त्याला वेळ लागत नाही. मग ताटात पसरून गार करायचा. गरम चुरा अंड्याला लागला की गोळे होतात. इतकं झाल्यावर ओव्हन तापवायचा आणि ट्रेवर जाळी ठेवायची, कारण जाळी नसली तर खालची बाजू वाफेने ओली राहते. जेवण झाल्यावर सिंकमध्ये पॅन, ट्रे आणि जाळी. जाळीच्या प्रत्येक तारेवर भाजून घट्ट बसलेलं अंडं नि चुरा, आणि ब्रश घेऊन ते खरवडणारा मी. ज्या पॅनला टाळायला ओव्हनकडे वळलो, तो पॅन घासायला आहेच! बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, हे नाही जमलं.

पॅन निर्दोष आहे असं नाही. सुटून पडलेला चुरा तेलात जळतो आणि दुसऱ्या घाण्यातल्या माशांना काळे ठिपके नि कडवट चव देतो. त्यासाठी चुरा तळव्याने दाबून बसवायचा, जास्तीचा झटकून टाकायचा आणि तुकड्या दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायच्या. तेवढ्यात मैदा ओलावा शोषतो आणि कोटिंग धरून राहतं. दोन घाण्यांच्या मध्ये पॅन पुसून नवीन तेल घालणं हे काम थोडं जिवावर येतं खरं. तेल तुकडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पुरतं. चिमूटभर चुरा टाकून बघा, पडताक्षणी फसफसला पाहिजे. नंतर कान द्या : आधी जोरात तडतड होते, पाणी कमी होत गेलं की आवाज बारीक होतो, तेव्हा उलटा. उलटायचं एकदाच. खालून उलथनं, वरून काट्याचा आधार.

एअर फ्रायर म्हणजे जोराचा पंखा लावलेला छोटा ओव्हनच. दोघांपुरतं करायचं असेल तर छान, पण हलका चुरा आत उडतो आणि बास्केट लगेच भरते.

ओव्हनच वापरणार असाल तर पांको, म्हणजे जपानी पद्धतीचे ब्रेडक्रम्ब्स, घ्या. तो कडा नसलेल्या पावाचा असतो. त्या पावाचं पीठ विजेचा प्रवाह सोडून शिजवतात. त्याच्या मोठ्या, सच्छिद्र पापुद्र्यांमुळे कुरकुरीतपणा जास्त टिकतो. पॅनमध्ये बारीक चुराही तितकाच चालतो. फक्त गोडसर पावाचा नको, साखरेमुळे तो फार लवकर काळवंडतो.

खाणारी माणसं जास्त असतील किंवा मासा जाड असेल, तर ओव्हन घेणाऱ्याला मी अडवणार नाही. दोघा-तिघांसाठी, पातळ तुकड्या असतील तर माझ्या मते पॅनच. खरं सांगायचं तर पाहुणे असले तरी मी पॅनमध्येच करतो. ओव्हन तेव्हाही लावतो, पण 100 अंशांवर, पहिला घाणा जाळीवर गरम ठेवण्यापुरता. वर झाकण मात्र ठेवायचं नाही.