मामांचा मॅरँट्झ २२३०: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

आधी खोड सांगतो. हा रिसिव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) चालू केला की स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो. दर वेळी. नवे पाहुणे दचकतात. पण हा बिघाड नाही. २२३० मध्ये दोन्ही चॅनलना स्पीकरच्या आधी एकेक मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो आणि तो चार्ज होताना हा धक्का बसतो. उद्या एखादा पॉवर ट्रान्झिस्टर उडालाच, तर तोच कपॅसिटर डीसीला, म्हणजे स्पीकर जाळू शकणाऱ्या एकाच दिशेच्या विजेला, स्पीकरपर्यंत पोचू देणार नाही. त्यामुळे धप्पची माझी तक्रार नाही.

मामा अमेरिकेत शिकत होते तेव्हा त्यांनी हा सेकंडहँड घेतला आणि परत येताना स्वेटरांत गुंडाळून आणला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं मॉडेल, चॅनलला ३० वॅट. नाव न्यूयॉर्कच्या सॉल मॅरँट्झचं, पण तोवर कंपनी सुपरस्कोप या दुसऱ्या अमेरिकन कंपनीकडे गेली होती आणि माल जपानमध्ये बनत होता. आमच्याकडे तो वीसेक वर्षं माळ्यावर होता, आणि माळा म्हणजे काय ते पुण्यातल्या लोकांना सांगायला नको. वरच्या जाळीतून झुरळाची अंडी निघाली.

ज्यांच्याकडे असा अमेरिकन सेट आहे त्यांनी पहिल्यांदा मागची पट्टी वाचावी. माझ्या सेटवर १२० व्होल्ट लिहिलंय. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत थेट पिन खुपसली असती तर हे लिहायची वेळच आली नसती. व्होल्टेज उतरवणारा ३०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतला आणि पहिल्यांदा सुरू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावला. बल्ब भपकन पेटला आणि दोन-तीन सेकंदांत मंदावला. म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही. तो भडकलेलाच राहिला असता तर तिथेच थांबलो असतो. इतक्या वर्षांनी सेट चालू करताना हा बल्ब नक्की लावा, दहा रुपयांच्या होल्डरसाठी आळस करू नका.

वाजला तो पहिल्याच दिवशी, पण कसा! व्हॉल्यूम फिरवला की खरखर, रेडिओ की रेकॉर्ड ते निवडायचा सिलेक्टर हलवला की उजवा चॅनल गायब. यातलं निम्मं काम काँटॅक्ट क्लीनरनं झालं. प्रत्येक नॉब पन्नासेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, बस्स. इथेच थांबून महिनाभर नुसतं ऐकायला हवं होतं.

मी थांबलो नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, पिशवीभर कपॅसिटर आणले (काही हातात घेताच हलके, म्हणजे नकली वाटले, ते परत दिले) आणि एका रविवारी टोन बोर्डावरचे (बास-ट्रेबल सांभाळणारा भाग) सगळे जुने एकदम उपटून नवे लावले. संध्याकाळी फार खूश होतो. चार दिवसांनी डाव्या चॅनलमध्ये चिरचिर सुरू झाली, सेट तापला की वाढणारी. तीन आठवडे मी पॉवर ॲम्पमध्ये (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा भाग) दोष शोधला, बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधला स्थिर प्रवाह, पुन्हा लावला, एक ट्रान्झिस्टर उगाच बदलला. शेवटी मागचे प्री-आउट (टोन बोर्डाकडून बाहेर) आणि मेन-इन (पॉवर ॲम्पमध्ये आत) जोडणारे जंपर काढून बघायचं सुचलं. काढले आणि डावा स्पीकर चिडीचूप. म्हणजे पॉवर ॲम्प बिचारा निर्दोष, घाण त्याच्या आधीची. टोन बोर्डावर एक कपॅसिटर उलटा, अधिक-उणे अदलाबदल करून, बसवला होता, मीच. तेव्हापासून एका वेळी एकच काढतो, लगेच तिथे नवा लावतो, चालू करून ऐकतो आणि मगच पुढचा.

दिवे हा वेगळाच विषय. डायलमागचा कागद भाजल्यासारखा तपकिरी झाला होता, त्यामुळे मॅरँट्झचा तो निळा उजेड शेवाळी दिसायचा. तिथे स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर कापून लावला. एलईडी लावून पाहिले, पण ते दवाखान्याच्या पाटीसारखे दिसतात. परत जुन्या पद्धतीचे काचेच्या नळीतले बल्बच लावले.

आता आवाज. दहा बाय बाराच्या खोलीत ३० वॅट भरपूर होतात, व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या नऊच्या जागेपुढे क्वचितच जातो. नाट्यसंगीताची जुनी एलपी लावली की ऑर्गन आणि गळा वेगळे कळतात, तबल्याचा डग्गा मात्र थोडा गुबगुबीत येतो. ज्यांना आजच्या ॲम्पसारखी करकरीत धार हवी त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. बास आणि ट्रेबलच्या जोडीला मिडचाही नॉब आहे. तो एक घर वर केला की निवेदकाचा आवाज पुढे येऊन बसतो. स्टेपडाउन टर्नटेबलपासून लांब ठेवा, माझा आधी शेजारीच होता आणि सुईच्या पिकअपमध्ये गुणगुण यायची.

एफएमवर विविध भारती जरा मंद वाटते. मला वाटलं ट्यूनर म्हातारा झालाय. खरं कारण असं की प्रसारणात वरच्या पट्ट्या उचलून पाठवतात आणि सेट त्या खाली आणतो. भारतात त्याचं माप ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. त्यामुळे अमेरिकन सेट आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त दाबतो. दोन कपॅसिटर बदलून ते दुरुस्त करता येतं. मी ट्रेबल थोडा वर करून भागवतो.

मीडियम वेव्हवर पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ सकाळी स्वच्छ येतं, पण स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब लागला की बातम्या घरघरीत बुडतात. "अहो आई, पाच मिनिटं अंधारात चहा करता का?" असं बायकोनं एकदा विचारलं. आईनं करून दिला, पण त्या दिवशी साखर विसरली. आईचा हट्ट म्हणजे क्रोशाचा रुमाल. टीव्हीवर होता, मिक्सरवर आहे, तसा यावरही हवा. वरची जाळी झाकली की हा सेट तापतो हे सांगून झालं, तरी दिवाळीला रुमाल हजर.

मामा मार्चमध्ये येऊन गेले. गाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. स्टेशन लावायचं गायरो-टचचं ते आडवं चाक एका बोटानं ढकलायचे आणि काटा ९० वरून घरंगळत १०० च्या पुढे जातो ते बघत बसायचे.

खर्च: ट्रान्सफॉर्मर २,४००, सुटे भाग आणि क्लीनर ३,६०० रुपये, उलट्या कपॅसिटरचे तीन आठवडे वेगळे. डायलचा काटा ओढणारा दोरा अजून मूळचाच आहे. तो कसा गुंडाळायचा त्याची आकृती सर्व्हिस मॅन्युअलमधून छापून झाकणाच्या आत चिकटवून ठेवलीय.