जबाब कुठे द्यायचा: पोलीस ठाण्यात की घरी?

पेडण्यातल्या एका मैत्रिणीला हा प्रश्न पडला तेव्हा मी पटकन म्हटलं, "घरीच बोलाव." कायदाही तिच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे बलात्कारपीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. आईवडील, जवळचे नातेवाईक सोबत बसू शकतात.

ठाण्यात बाकावर ताटकळावं लागतं, येणारा-जाणारा निरखून बघतो.

पण घरी? आमच्या वाड्यावर पोलिसांची जीप तुळशीवृंदावनासमोर थांबली की समोरच्या सोप्यावरच्या सगळ्या माना वळतात. संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा. नाव किंवा ओळख पटेल असं काही छापून प्रसिद्ध केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण सोप्यावरच्या कुजबुजीला ते कलम कसं लावणार?

म्हणून मला "ती सांगेल ती जागा" हे शब्द फार मोलाचे वाटतात. तिने फोंड्याच्या मावशीचं घर निवडलं. मावशीने दार लावून घेतलं आणि शेवटपर्यंत तिचा हात धरून बसली.