चॅटचे मेसेज कुठे ठेवायचे: पोस्टग्रेस, कॅसँड्रा की सिला?

चॅट अ‍ॅप वापरणारा दोनच गोष्टी पाहतो: मेसेज गेला का, आणि वर सरकवल्यावर जुनं बोलणं लगेच दिसलं का. दोन्ही शेवटी मेसेजच्या डेटाबेसवर येऊन ठेपतात, आणि इथे निवड पोस्टग्रेस, कॅसँड्रा आणि सिला या तीन डेटाबेसांतली आहे. निवड करताना डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपचा प्रवास समोर ठेवावा, कारण त्यांनी आकड्यांसकट सगळं मांडलं आहे. २०१५ साली त्यांचे मेसेज मोंगोडीबी या डेटाबेसच्या एकाच रेप्लिका सेटवर (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या मशीनच्या गटावर) होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात १० कोटी मेसेज झाले, डेटा आणि इंडेक्स (ओळ पटकन शोधून देणारी सूची) रॅममध्ये मावेनात आणि उत्तराला लागणारा वेळ बेभरवशाचा झाला. यातला १० कोटींचा आकडा सोडून द्या. खरी मर्यादा इंडेक्स रॅमबाहेर जातो तिथे असते.

पोस्टग्रेस. सुरुवात इथूनच करा. मेसेजमागे ओळ आणि इंडेक्स मिळून ४०० बाइट धरले, तर १० कोटींचे ४० जीबी होतात. ६४ जीबी रॅमच्या मशीनवर हे आरामात चालतं. वेळेनुसार वाढणारा ६४ बिटांचा आयडी वापरा, त्याच आयडीच्या रेंजवर टेबलचे पार्टिशन (भाग) पाडा, आणि चॅनल आयडी व मेसेज आयडी असा जोड इंडेक्स ठेवा. कनेक्शनसाठी पुढे पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन अनेकांना वाटून देणारा प्रोग्रॅम) हवाच. दुखणं रेप्लिकात (वाचनासाठी ठेवलेल्या प्रतीत) असतं: मेसेज प्रायमरीवर (मुख्य मशीनवर) लिहिला जातो, वाचन मागे पडलेल्या रेप्लिकावरून होतं आणि पाठवणाऱ्याला स्वतःचाच मेसेज दिसत नाही. म्हणून लिहिल्यानंतर काही सेकंद त्या माणसाचं वाचन प्रायमरीवरूनच करा. पण सगळं लेखन एकाच मशीनवर पडतं, हे मात्र रेप्लिकांनी टळत नाही.

कॅसँड्रा. लेखन अनेक नोडवर (मशीनवर) वाटलं जातं. तीन प्रती ठेवून दोघांचा होकार घेतला, की एक नोड पडला तरी सेवा चालू राहते. डिस्कॉर्डकडे २०१७ साली १२ नोड होते. २०२२ च्या सुरुवातीला ते १७७ झाले.

इथे सगळा खेळ पार्टिशन कीचा, म्हणजे कोणत्या ओळी एकत्र राहतील हे ठरवणाऱ्या कीचा आहे. नुसता चॅनल आयडी घेतला तर गजबजलेल्या चॅनलचं पार्टिशन फुगतच जातं. डिस्कॉर्डने चॅनलला १० दिवसांचा कप्पा जोडला, म्हणजे पार्टिशन १०० एमबीच्या आत राहतं.

दुसरा घाव डिलीटचा. कॅसँड्रा ओळ लगेच पुसत नाही, तिच्यावर टूम्बस्टोन, म्हणजे ‘ही काढली’ अशी खूण ठेवते. एका चॅनलमध्ये लाखो मेसेज काढून टाकल्यावर एकच उरला होता. तो चॅनल कुणी उघडला, की लाखो टूम्बस्टोन तुडवत जावं लागे आणि कॅसँड्रा ज्या जावात लिहिली आहे तिचं जीसी (मेमरी मोकळी करणारी सफाई) १० सेकंद सगळं थांबवून ठेवी. डिस्कॉर्डने टूम्बस्टोनचं आयुष्य १० दिवसांवरून २ दिवसांवर आणलं. हे करायचं तर त्या २ दिवसांत प्रत्येक नोडचं रिपेअर (प्रती एकमेकींशी जुळवून घेणं) पूर्ण झालंच पाहिजे. नाही झालं, तर डिलीट केलेले मेसेज परत उगवतात, आणि असं झाल्यावर वापरणाऱ्याचा विश्वास परत मिळवणं फार कठीण.

शिवाय इथे एडिट म्हणजेही लेखनच. एकाने डिलीट आणि दुसऱ्याने एडिट एकाच वेळी केलं, तर लेखकाचं नाव नसलेली अर्धवट ओळ उरते. वाचताना अशी ओळ सापडली की ती काढून टाकणारा कोड पहिल्या दिवसापासून असू द्या.

सिला. कॅसँड्राचीच क्वेरी भाषा, पण सी++ मध्ये लिहिलेली. म्हणजे जीसी नाही, आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला स्वतंत्र शार्ड (डेटाचा वेगळा हिस्सा). डिस्कॉर्डचे १७७ नोड ७२ वर आले. जुने मेसेज आणण्याचा पी९९ (१०० पैकी ९९ विनंत्या ज्या वेळेत पुऱ्या होतात तो वेळ) आधी ४० ते १२५ मिलिसेकंद होता, तो १५ वर आला. लेखनाचा ५ ते ७० होता, तो ५ वर स्थिरावला. लायसन्स मात्र वाचून घ्या: कॅसँड्रा अपाची लायसन्सखाली मुक्त आहे, सिला डिसेंबर २०२४ मध्ये मुक्त लायसन्समधून बाहेर पडली.

हे आकडे पाहून लगेच सिलावर उडी मारू नका. मोठ्या चॅनलवर सगळ्यांना उद्देशून घोषणा झाली, की हजारो जण एकच ओळ मागतात आणि एकच पार्टिशन तापतं. ते कुठल्याही डेटाबेसमध्ये तापेल. डिस्कॉर्डने डेटाबेसपुढे रस्ट भाषेत लिहिलेली डेटा सर्व्हिस बसवली. एका चॅनलच्या विनंत्या एकाच इन्स्टन्सकडे (सर्व्हिसच्या एकाच चालू प्रतीकडे) जातात, पहिली विनंती क्वेरी चालवते आणि बाकीच्या तिच्याच उत्तराची वाट पाहतात. हा थर आधी बांधा. पोस्टग्रेसपुढेही तो तितकाच कामाला येतो, आणि बऱ्याच सेवांचं स्थलांतर त्याने वर्षभर पुढे ढकलता येईल.

त्यानंतरही लेखन एका मशीनला झेपेनासं झालं आणि रात्री रिपेअर आणि कॉम्पॅक्शनवर (फायली एकत्र करून टूम्बस्टोन साफ करण्यावर) लक्ष ठेवायला माणसं असली, तरच पोस्टग्रेस सोडा. नव्या क्लस्टरवर (नोडच्या गटावर) आधी दुहेरी लेखन सुरू करा, जुना डेटा मागून हलवा आणि थोडी वाचनं दोन्हीकडून करून उत्तरं ताडून पाहा. डिस्कॉर्डने सेकंदाला ३२ लाख मेसेजपर्यंत वेग गाठून ९ दिवसांत सगळं हलवलं. तरी शेवटी काम ९९.९९९९ टक्क्यांवर अडकलं, कारण उरलेल्या टोकन रेंजमध्ये (डेटाच्या शेवटच्या पट्ट्यात) टूम्बस्टोनचे ढीग होते आणि ते कधी कॉम्पॅक्टच झाले नव्हते. त्या रेंजचं कॉम्पॅक्शन केल्यावर काही सेकंदांत काम पुरं झालं. तुम्ही ते हलवाहलवीच्या आधीच उरका.